आम्हाला एक शब्द द्या

आमच्या घरात प्रत्येक गोष्ट दोनदा बोलावी लागायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, प्रेस शॉपमध्ये कामाला होते. पत्रा कापणारी, ठोकणारी धिप्पाड यंत्रं आणि त्यांच्यामध्ये दिवसभर उभा माणूस. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची, पण आण्णा ते खिशातच ठेवायचे. म्हणायचे, "बोळं घातलं की मशीन काय म्हनतंय ते कळत न्हाई." मशीन काय म्हणतंय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं, माणसं काय म्हणतात ते मात्र हळूहळू कळेनासं झालं. त्यामुळे आमचं पहिलं वाक्य वाया जायचं आणि दुसरं कामाला यायचं. त्यातही तेच वाक्य जसंच्या तसं परत म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. अर्धंमुर्धं ऐकू आलेलं असायचं ना! "ते ऐकलं की! म्होरं काय?" असं खेकसायचे. म्हणून "आण्णा, भात झालाय" असं एकदा म्हणायचं, आणि दुसऱ्यांदा "भात झालाय, आन् सुकटीचं कालवण बी झालंय" असं. काहीतरी जास्तीचं घालूनच. माझी वाणी अशी घडली. पुढे मला जे काही जमलं त्याचं मूळ यात आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

ज्याला कमी ऐकू येतं तो मोठ्यानं बोलतो. आण्णांनी आईच्या कानात सांगितलेलं गुपित आमच्या इंदुरी गावातल्या तीन घरांना कळायचं, आणि तिसऱ्या घरातली मावशी उलट सल्ला द्यायची. आई अगदी उलटी, ओठातल्या ओठात बोलणारी. ती गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये फुलं कापायला जायची. लोकांना वाटतं, बाईच्या अंगाला गुलाबाचा वास येत असेल. औषधफवारणीचा यायचा. संध्याकाळी ती पायरीवर बसून सुईनं बोटांतले काटे काढायची, आत चुलीवर इंद्रायणीचा भात रटरटत असायचा, आणि त्या भाताचा वास औषधाच्या वासावर मात करायचा. थंडीत हुलग्याची पिठी असायची, वर कच्च्या तेलाची धार. आजही बँकेतून घरी येताना कुणाच्या खिडकीतून तो भात दरवळला की मला आधी आईची बोटं दिसतात.

कॉलेजात जाणारी मी आमच्या घराण्यातली पहिली. मागच्या पिढ्यांत कुणी चौथीच्या, कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. तळेगावच्या कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातलं आणि पहिल्याच वर्षी फळ्यावर एक सूचना दिसली, नाटकाची आवड असणाऱ्यांनी शनिवारी खालच्या हॉलमध्ये यावे. आवड म्हणण्याइतकं नाटक मी पाहिलंही नव्हतं. पण शनिवारी लवकर घरी जाऊन तरी काय, म्हणून गेले. तिथे देवयानीताई होती. पुण्याहून यायची. किरकोळ अंगाची, खांद्याला पिशवी, पायात पुरुषी चपला. आम्ही सात-आठ जण गोल बसलो आणि अस्लमनं विचारलं, "मॅडम, नाटकाचं पुस्तक कुठंय?" तळेगाव स्टेशनजवळ अस्लमच्या अब्बांची बेकरी होती, त्याच्या दप्तरात वह्यांपेक्षा खारीचा चुरा जास्त असायचा.

"पुस्तक नाही," ताई म्हणाली. "आणि मॅडम नाही, ताई."

"मग पाठ काय करायचं?"

"एकमेकांना."

आम्हाला वाटलं बाई थोडी सरकलेली आहे. पण पुढे दोन वर्षं आम्ही तेच केलं, एकमेकांना पाठ केलं. मंगेश घाबरला की आधी हसतो. अस्लमला रडकं पात्र दिलं की तो सोनं करतो. माझा आवाज चढला की मी आण्णांसारखी दिसते. सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक.

ताईनं शिकवलेल्या खेळाला आम्ही 'तीनफेरी' म्हणायचो. लोकांकडून एक शब्द मागायचा. त्या शब्दावरून प्रत्येकानं आपल्या आयुष्यातलं खरं काहीतरी सांगायचं. मग त्यातूनच, तिथल्या तिथे, तीन वेगवेगळ्या गोष्टी सुरू करायच्या. एकीचा दुसरीशी संबंध नाही. पहिली फेरी झाली की सगळ्यांनी मिळून एक धुडगूस घालायचा, तोही त्याच शब्दावर. दुसऱ्या फेरीत त्याच गोष्टी पुढे न्यायच्या. पुन्हा धुडगूस. आणि तिसऱ्या फेरीत, आणि हीच खरी करामत, तिन्ही गोष्टींनी आपण होऊन एकमेकींच्या अंगणात यायचं. हे आधी ठरवायचं नाही. ठरवलं की लोकांना वास येतो. एखादा प्रसंग रंगून संपत आला की कडेच्या कुणीतरी समोरून पळत जायचं, म्हणजे तो प्रसंग संपला. त्याला आम्ही 'झाडू मारणं' म्हणायचो. झाडू कधी मारायचा हे ज्याला कळलं त्याला सगळं कळलं. आणि मुख्य नियम असा, की समोरचा जे म्हणेल ते खरं मानायचं, त्याला 'नाही' म्हणायचं नाही, आणि त्यात आपली भर घालायची.

पहिल्याच शनिवारी मंगेश पोट धरून माझ्यासमोर आला. "डॉक्टर, माझ्या पोटात घड्याळ आहे." मी विचारबिचार काही केला नाही. तोंडातून घरच्यासारखं निघून गेलं, "घड्याळ आहे, आणि ते मागं पडलंय. म्हणून तुम्हाला सकाळची भूक दुपारी लागते." सगळे हसले. ताई हसली नाही. तिनं विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"घरीच. वडिलांना कमी ऐकू येतं."

तिनं मान डोलावली, जणू मी एखाद्या मोठ्या संस्थेचं नाव सांगितलं होतं.

परवा भाचा मोबाइलवर पुण्यातल्या पोरांचा असलाच एक कार्यक्रम दाखवत होता. निळा उजेड, काळे कपडे, एकेकाला माइक. "आत्या, याला लाँगफॉर्म इम्प्रोव्ह म्हणतात," मला समजावून सांगत होता. मी म्हटलं, व्हय का? आम्ही तीनफेरी म्हणायचो. पोरं चांगली करत होती, खोटं कशाला बोलू. एकीनं तर असा झाडू मारला की मी इकडे सोफ्यावर टाळी दिली.

तर आमचे कार्यक्रम व्हायचे कॉलेजात, वराळ्याच्या एका सोसायटीत, लोणावळ्याच्या शाळांमधून. लोणावळ्यात शब्द मागितला की हटकून 'चिक्की' यायचा. आम्ही कंटाळायचो, ताई कधी कंटाळली नाही. म्हणायची, "शब्द शिळा नसतो, आपण शिळे असतो." एकदा अशाच 'चिक्की'वरून अस्लमनं खरी आठवण सांगितली, की त्याच्या दादीची कवळी एका निकाहात चिक्कीत अडकून बाहेर आली आणि ती नवरदेवाच्या ताटात पडली. त्यावरून आम्ही जी गोष्ट रचली तिच्यात शेवटी अख्खं गाव एकच कवळी पाळीपाळीनं वापरत होतं. पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली, बँकेत तर रोज पाहते. पण सात-आठ जणांनी मिळून, कुणीही पुढारी न होता, रिकाम्या जागेतून एवढी मोठी गोष्ट उभी करताना मी तिथेच पाहिलं.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. एका संध्याकाळी आण्णा फरसाणाचा पुडा घेऊन आले आणि उंबऱ्यातूनच ओरडले, "सुजे, काम झालं! तानाजीला शब्द दिला! परीक्षा झाली की फुडच्या सोमवारपास्नं तू लायनीवर!" माझ्याआधी आळीला कळलं. तानाजीभाऊ नवलाख उंबरे गावचे. तिथल्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या लायनीवर मुलीच घेत, आणि भाऊ तिथे सुपरवायझर होते. आण्णांना प्रेस शॉपमध्ये चिकटवून देणारेही तेच. त्यांनी साहेबाकडे माझं नाव सांगितलं होतं.

मी म्हटलं, "आण्णा, माजं शेवटचं वरीस ऱ्हायलंय."

"काय?"

"शेवटचं वरीस ऱ्हायलंय, आन् मग मी पदवीधर हुईन."

ऐकू गेलं त्यांना. चेहऱ्यावरून कळलं. "शब्द दिलाय," ते म्हणाले, आणि माझ्या आठवणीत आण्णा पहिल्यांदा हळू बोलले ते तेव्हा. पुडा फळीवर ठेवून हातपाय धुवायला गेले. आई काटे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांच्या शब्दावर मी ह्या घरात आले. फिरवत न्हाईत ते." हे ती माझ्या बाजूनं बोलली की त्यांच्या, मला कळलं नाही.

मी भांडले नाही. आण्णा वाईट नव्हते, आणि लायनीवरचं काम हलकं आहे असंही मला कधी वाटलं नाही; आमच्या आळीतल्या चार मुली तिथे जात होत्या आणि ताठ मानेनं जात होत्या. मला फक्त ते एक वर्ष हवं होतं. परीक्षा दिली. जयंतीचा आठवडा होता, आणि आमच्या विहारातल्या बायकांनी रविवारी दुपारी आमचा कार्यक्रम ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सोमवार. ताईला मी एवढंच सांगितलं की हा माझा शेवटचा. तिनं का म्हणून विचारलं नाही. म्हणाली, "मग आज पहिल्यासारखा कर."

विहारापुढे मांडव, खाली सतरंज्या. पुढे पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, मागे पुरुष. आण्णा शेजारच्या भिकाआबांजवळ मांडी घालून बसले होते. माझा कार्यक्रम ते पहिल्यांदाच बघत होते. ताई पुढे झाली, हात जोडले, नेहमीचं वाक्य म्हणाली, "आमच्याकडे गोष्ट नाहीये. ती तुमच्याकडून घ्यायचीये. तर आम्हाला एक शब्द द्या."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग भिकाआबा सावकाश उठले. "पोरी, निवडनूक लागली का गं?"

मांडवात हशा. ताईला काही कळेना. पुण्याची ती. शब्द मागणारी माणसं आमच्याकडे कधी येतात, हे तिला कोण सांगणार?

"आमी लय दिले शब्द," मागून कुणीतरी म्हणालं. "आता आमाला कुनीतरी द्या!"

"नाही हो आबा," ताई म्हणाली, "तसा नाही. कुठलाही. साधा शब्द."

आण्णांना यातलं निम्मंच ऐकू गेलं. ते आबांकडे वळले आणि कानात सांगितल्यासारखं, म्हणजे अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आपून न्हाई बा देनार! आपला आधीच दिलाय, तानाजीला!"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं असेल की काहीच नसेल, मी नंतरही विचारलं नाही. ती लोकांकडे वळली आणि म्हणाली, "मिळाला. आजचा शब्द आहे, 'शब्द'."

मग खेळ सुरू झाला. एका गोष्टीत मंगेश शिंपी झाला, त्यानं एकाच हळदीसाठी अख्ख्या गावाला नवे शर्ट द्यायचा शब्द दिला होता. दुसरीत नदीवर पूल बांधायचा शब्द देऊन बसलेला पुढारी होता. त्याला नदी कुठून वाहते हेच माहीत नव्हतं. तिसरी सुरू करायला अस्लम ओढणी डोक्यावर घेऊन पुढे आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि लाडात म्हणाला, "आण्णा, माजी सायकल कुटंय?"

त्याला काही ठाऊक नव्हतं. तो मला नेहमी आण्णा करायचा, कारण माझा आवाज तसा लागायचा. खेळात दिलेलं नाकारायचं नाही. मी पाय फाकवून उभी राहिले. "सायकल? सायकल मी शिरप्याला दिली."

"आन् मी शाळंत कशावर जाऊ?"

"शब्द दिलाय!" मी ओरडले. "एकवेळ सायकल मागं चालंल, पर शब्द मागं चालनार न्हाई!"

मांडव खदखदला. बायका तोंडाला पदर लावून माझ्याकडे आणि मग आण्णांकडे बघायला लागल्या. आण्णाही हसत होते. आबांना कोपरानं ढोसून सांगत होते, "माजीच नक्कल करतीय!"

दुसऱ्या फेरीत अस्लम पायी चालून चालून पाय धरून बसला. माझ्यातल्या बापाला दया आली. मी हाताचा फोन केला. "हॅलो, शिरपा, ते सायकलीचं जरा—"

"ए!" मांडवातून आवाज आला. आण्णा उठून उभे राहिले होते. "फोनवर न्हाई! शब्द काय फोनवर माघारी घेत्यात व्हय? दारात जावं लागतंय!"

आमच्याकडचे लोक नाटकाशी बोलतात, त्यात नवल नाही. पण त्या क्षणी मी आण्णांची नक्कल करत उभी आणि खरे आण्णा मला रागवतायत, असा प्रकार झाला. लोकांच्या हसण्यानं मांडवाची कनात हलली. आणि आमच्या गटाची गंमत बघा. ताईनं झाडू मारला नाही. मंगेशनं हातातला शिंप्याचा शर्ट सोडला, पुढे येऊन हात पसरून उभा राहिला आणि दार झाला. मी आण्णांना म्हटलं, "बरं, आलो दारात." तिसरी फेरी आपोआप सुरू झाली. त्या दारात माझ्यामागे पुढारी येऊन उभा राहिला, त्याला पुलाचा शब्द माघारी घ्यायचा होता. मंगेश दार सोडून शिंपी होऊन रांगेत घुसला, तर पुढारी म्हणाला, "दार धर की, उघडं पडलं!" शब्द माघारी घ्यायला आलेल्यांची ही रांग. सगळे खाली मान घालून, पायानं माती उकरतायत, आणि पुढच्याला म्हणतायत, तू आधी बोल. इतकं मोठं हसू मी पुन्हा ऐकलं नाही.

रांगेत पहिली मी. बोलायचं मलाच होतं. आणि मला काही सुचेना. खरंच सुचेना. ताईनं शिकवलेलं होतं, अडलीस तर खोटं सुचवू नकोस, विचार. मी नाटकातल्या बापाच्याच आवाजात मांडवाकडे वळले. "आण्णा, दारात आलो. आता काय बोलायचं असतंय?"

हसणं थांबलं. आण्णा उभेच होते. त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं. दोनदा सांगावं लागलं नाही. शेजारून आबा म्हणाले, "सांग की रं. पोर खोळंबलीय."

"ते," आण्णा म्हणाले, "तितं गेल्याबिगर सुचत न्हाई."

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि अस्लम ओढणी उडवत समोरून पळत गेला. याहून अचूक झाडू मी पाहिलेला नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी जयंतीचा पांढरा सदरा चढवला आणि म्हणाले, "चल. उंबऱ्याला." मी लायनीवर जायचं म्हणून डबा घेतला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, ठेव म्हणाले नाहीत की घे म्हणाले नाहीत. मोटारसायकलवर मागे बसून मी सारा रस्ता डबा मांडीवर धरला होता. कंपनीचं फाटक आलं आणि मागे पडलं. आम्ही गावात वळलो, तानाजीभाऊंच्या घरापुढे थांबलो.

भाऊ दाढी करत होते. गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. "या या. साडेसातला फाटकावर यायचं सांगितलेलं की. हितं कशाला?"

आण्णांनी पायरीखाली चपला काढल्या. आत गेले नाहीत. "तानाजी, शब्द माघारी घ्यायला आलोय."

"आता? आरं, साहेबाला नाव दिलंय मी. त्याला आता काय तोंड दाखवू? तुला चिकटवताना मी कुनापुढं हात जोडले ते इसरलास?"

"न्हाई इसरलो."

"मग? पोरीनं रडारड केली का?"

"तिनं एकदा सांगितलं. मी ऐकलं व्हतं." आण्णा थांबले. मी त्यांच्या मागे उभी होते, मला त्यांची मान दिसत होती, तिच्यावरच्या शिरा. दोन वर्षं मी रिकाम्या जागेत उभी राहून पुढचं वाक्य कुठून येतं ते बघत होते. ते येताना असं दिसतं. "शब्द माजा व्हता, तानाजी. वरीस तिचं व्हतं. मी दुसऱ्याचं वरीस देऊन बसलो."

भाऊंच्या गालावरचा साबण वाळायला लागला. शेवटी पंच्यानं तो पुसला आणि आत बघत म्हणाले, "च्या टाक गं दोघास्नी." राग गेला नव्हता. चहा पिताना आण्णांशी बोलले नाहीत, माझ्याशीच बोलले. कितवं वरीस, काय इषय, नापास झालीस तर बघ. मी सगळ्याला व्हय म्हटलं.

पायरी उतरून आण्णांनी चपला घातल्या. गाडीला किल्ली लावली आणि ती तशीच ठेवून माझ्याकडे वळले. "सुट्टी किती हाय तुला?"

"दोन म्हयने."

"दोन म्हयने येशील का हितं? लायनीवर?" मग जरा वेळानं, "न्हाई म्हनलीस तरी चालंल."

त्यांच्या आवाजात नेहमीचा दणका नव्हता. उत्तर काय येणार ते त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी डबा दुसऱ्या हातात घेतला आणि म्हटलं, "येईन. दोन म्हयने. कॉलेज उघडंपत्तूर."

आण्णांनी पुन्हा चपला काढल्या, पायरी चढले आणि दाराची कडी वाजवली.

"तानाजी, कालेज उघडंपत्तूर धर तिला," ते म्हणाले. "इचारून सांगतोय."